साथ, सरकार आणि रयत

एक हुकूम लोक मुकाट्याने पाळतात आणि दुसऱ्या हुकुमासाठी हातात दगड घेतात, असे का व्हावे? प्रश्न राज्यशास्त्राचा आहे खरा, पण इतिहासात त्याची एक फार चांगली परीक्षा होऊन गेलेली आहे. 1894 ते 1911 या सतरा वर्षांत प्लेगचा रोग जगातल्या अनेक बंदरांतून आणि शहरांतून फिरला. रोग एकच आणि त्यावरचे उपायही जवळजवळ तेच. रोग्याला घरातून हलवावयाचे, त्याच्या माणसांना वेगळे ठेवावयाचे, घर धुवून काढावयाचे, प्रसंगी सामान जाळावयाचे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाटेत अडवून तपासावयाचे. असे असूनही हाँगकाँगात एक घडले, पुण्यात दुसरे, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला तिसरे आणि मांचुरियात हार्बिनला चौथे. आज ही चार शहरे शेजारी शेजारी ठेवून पाहू.

त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या वेळच्या डॉक्टरांना या रोगाविषयी ठाऊक होते ते अर्धेच. 1894 च्या जूनमध्ये हाँगकाँगला येर्सॅ या शास्त्रज्ञाने प्लेगचा जंतू शोधून काढला. जपानचे कितासातोही त्याच वेळी तेथे त्याच शोधात होते. पण जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा? घाणीतून, जमिनीतून, कपड्यांतून, असे तर्क चालत. उंदरावरची पिसू हे काम करते हे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने 1898 साली कराचीत प्रयोग करून दाखविले, तर पुष्कळांनी त्याला हसण्यावारी नेले. मुंबईत 1905 नंतर रीतसर संशोधन झाले तेव्हा कुठे ते सर्वमान्य झाले. म्हणजे पुण्यात घरोघर कार्बॉलिक शिंपडले जात होते त्या वेळी खरा गुन्हेगार भिंतीच्या बिळातून शेजारच्या घरात पळत होता. लोकांना शास्त्र कळत नव्हते असे म्हणताना, शास्त्रालाही तेव्हा सारे कळलेले नव्हते, हे आपण विसरू नये.

आता हाँगकाँग. 1894 च्या मे महिन्यात कँटनकडून रोग तेथे आला. ताइपिंगशान नावाच्या दाट चिनी वस्तीत त्याने मूळ धरले. राज्य इंग्रजांचे. त्यांनी श्रॉपशायर पलटणीचे सोजीर घरोघर पाठविले. ते रोगी शोधायचे, प्रेते हलवायचे, भिंतींना चुना मारायचे. रोग्यांची रवानगी बंदरात उभ्या असलेल्या एका इस्पितळी जहाजावर होई. चिनी माणसाला आपल्या माणसांत आणि आपल्या मातीत मरण यावे याचे केवढे अगत्य! त्याला पाण्यावर तरंगणाऱ्या परक्या इस्पितळात न्यायचे म्हणजे मरणाहून वाईट. लगोलग आवई उठली की गोरे डॉक्टर औषधासाठी माणसांचे डोळे काढतात. हजारो लोकांनी गाठोडी बांधली आणि कँटनचा रस्ता धरला. शहरातले कामधंदे बसले. मग सरकार थोडे वाकले. चिनी व्यापाऱ्यांच्या तुंगवा नावाच्या धर्मादाय इस्पितळाच्या देखरेखीखाली रोग्यांची वेगळी सोय झाली आणि ज्यांना कँटनला परत जावयाचे होते त्यांना जाऊ दिले गेले. त्या वर्षी तेथे अडीच हजारांहून अधिक माणसे दगावली. तरी एवढे दिसून आले की इस्पितळ आपल्या लोकांच्या हाती आहे असे कळताच विरोधाची धार बोथट होते.

हा धडा गिरवायला दोन वर्षांचा अवधी मिळाला होता. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईला मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. हे गृहस्थ मूळचे गोव्याचे. पुढच्याच महिन्यात आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणीकामगारांचा जमाव चालून गेला, कारण रोगी तेथे गेला की परत येत नाही असा बोभाटा झाला होता. तो अगदीच खोटा म्हणता येणार नाही, कारण रोगी बहुधा शेवटच्या घटकेलाच तेथे पोचायचा. लोक मुंबई सोडून गावोगाव पांगू लागले, आणि त्यांच्याबरोबर रोगही देशावर आणि कोकणात उतरला. 4 फेब्रुवारी 1897 रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. कायदा इतका आटोपशीर की शाळेतला मुलगा पाच मिनिटांत वाचून काढील. त्याची कलमे चार. सरकारला योग्य वाटतील ते निर्बंध घालता येतील, न पाळणाऱ्याला शिक्षा होईल, आणि चौथे कलम असे की या कायद्याखाली सद्‌हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही. हे चौथे कलम ध्यानात ठेवा. सॅन फ्रान्सिस्कोला गेल्यावर ते आपल्याला लागणार आहे.

पुण्याची हकीकत महाराष्ट्रात सर्वांना थोडीबहुत ठाऊक असते. चापेकर बंधूंचे नाव कोणाला माहीत नाही? पण आपण ती गोळीपासून सुरू करतो, ही आपली चूक होते. ती सुरू करावयास हवी घराच्या उंबरठ्यापासून.

फेब्रुवारी 1897 मध्ये साताऱ्याहून वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याला पुण्यात आणून प्लेग कमिटीचा अध्यक्ष केले. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत घरझडतीचे काम चालले आणि त्यासाठी जवळजवळ नऊशे लष्करी माणसे, गोरी आणि देशी, शहरात उतरली. झडतीचे स्वरूप कसे? टोळी गल्लीत शिरते. घराचे दार उघडावयास लावते, बंद असेल तर फोडते. माजघर, देवघर, स्वयंपाकघर, सगळीकडे बूट घालून फिरते. काखेत नाहीतर जांघेत गाठ आहे का हे पाहण्यासाठी माणसांना बाहेर काढून तपासले जाते. त्यात बायकाही आल्या. संशय येण्याचा अवकाश, रोगी इस्पितळात, घरची माणसे सेग्रिगेशन कँपात, आणि अंथरूणपांघरूण आगीत. ज्या समाजात परपुरुषाने ओटीवरून आत पाऊल टाकण्यापूर्वी खाकरावयाचे, त्या समाजात हे सारे चालले होते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे जरा थांबले पाहिजे. कागदावर सैनिकांना लोकांच्या धर्मभावना सांभाळण्याची ताकीद होती. रँडच्या अहवालात तर असे समाधान व्यक्त केले आहे की स्त्रियांची हेतुपुरस्सर विटंबना झाल्याची विश्वसनीय तक्रार आली नाही. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी सोजिरांच्या अत्याचारांविषयी तेथे जाहीरपणे सांगितले, आणि परत आल्यावर पुरावा उभा करता येईना तेव्हा त्यांना माफी मागावी लागली. माझे विद्यार्थी दर वर्षी विचारतात, ‘सर, मग अत्याचार झाले होते की नव्हते?’ मी त्यांना उलट विचारतो, ज्या बाईची अशी तपासणी झाली ती कोणत्या कचेरीत जाऊन, कोणासमोर, कोणत्या तोंडाने तक्रार लिहून देणार? तक्रार आली नाही हे खरे असेल, पण तक्रार न येण्याचे कारणही इतिहासाने नोंदवावयाचे असते.

आणि पुणेकरांचा रोग आवरण्यालाच विरोध होता, असे मुळीच नव्हे. टिळकांनी ‘केसरी’तून सरकारी जुलमावर टीका केली, तशीच शहर सोडून पळणाऱ्या पुढाऱ्यांवरही केली. ते स्वतः पुण्यात राहिले आणि हिंदूंसाठी वेगळे प्लेग इस्पितळ काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले यांचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्याने शहराबाहेर दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई रोग्यांना स्वतः तेथे आणवीत. त्या सेवेतच त्यांना रोगाने गाठले आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला. ही तारीख पहा, म्हणजे झडत्या जोरात सुरू होण्याच्या दोनतीन दिवस आधीची. रोग्याला घराबाहेर काढून वेगळे ठेवणे हेच काम सावित्रीबाई करीत होत्या आणि हेच काम रँडची माणसे करीत होती. एकीकडे लोक आपले लेकरू हवाली करीत होते आणि दुसरीकडे ते माळ्यावर लपवीत होते. या दोहोंमधल्या फरकात आपल्या विषयाचे निम्मे मर्म आहे.

22 जून 1897 च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीतल्या गव्हर्नरांच्या बंगल्यावरून परतताना, चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ गेला, रँड 3 जुलैला. टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढच्या साली मार्चमध्ये मुंबईत मदनपुऱ्याच्या विणकर मुसलमानांच्या वस्तीत एका बारा वर्षांच्या मुलीला तपासण्यावरून दंगल उसळली, म्हणजे हा सवाल एकट्या पुण्याचा किंवा एका जातीचा नव्हता. त्यानंतर मात्र सरकारचा सूर बदलला. सोजीर मागे गेले, खाजगी आणि जातवार इस्पितळांना वाव मिळाला, आणि जुलमापेक्षा हाफकिनच्या लशीवर भर येऊ लागला. हुबळीला 1898 साली हजारो लोकांनी लस टोचून घेतली. टोचणाऱ्याला काही निर्बंधांतून सूट मिळे हे त्याचे एक कारण. लोक हिशेबी असतात हो! हुकुमाच्या बदल्यात काही पदरात पडते का, हे ते बघतात, आणि बघावेच.

आता पॅसिफिक महासागर ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला जाऊ. 1900 च्या मार्चमध्ये तेथील चायना टाउन या वस्तीत एका चिनी मजुराचे प्रेत सापडले आणि प्लेगची शंका आली. दुसऱ्याच दिवशी वस्तीला दोर लावून पहारे बसले. मे महिन्याच्या अखेरीस पुन्हा तसाच वेढा पडला. पण वेढ्याची रेषा गंमतीची होती. ती सरळ रस्त्याने न जाता वाकडीतिकडी जाई, आणि चिनी घर आत, तर त्याला लागून असलेले गोऱ्याचे दुकान बाहेर, अशी तिची तऱ्हा. प्लेगला जणू कातडीचा रंग ओळखता येत होता! ज्यू हो नावाचा एक किराणा दुकानदार कोर्टात गेला. न्यायाधीशांनी जूनमध्ये निकाल दिला की हा वेढा सर्वांना सारखा लागू नाही, म्हणून तो टिकणार नाही. परदेशी, गरीब, नागरिकत्वाचा हक्क नाकारलेल्या जमातीतला वाणी सरकारविरुद्ध जिंकला. आपल्या चौथ्या कलमाची आठवण आता करा. पुण्यात हा मार्गच बंद होता. जेथे कोर्टाचे दार बंद असते तेथे गाऱ्हाणे दुसऱ्या वाटेने बाहेर पडते.

म्हणून अमेरिकेत सारे आलबेल झाले, असे मात्र समजू नका. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नर गेज यांनी तर प्लेग नाहीच असा धोशा लावला, कारण प्लेगची बातमी म्हणजे व्यापाराला खोट. खरे बोलणारा सरकारी डॉक्टर किन्यन याची बदली झाली. चिनी लोक प्रेते लपवीत, गोरे लोक बातमी लपवीत. रोगी मोजके, सव्वाशेच्या आतच, पण बहुतेक सारे दगावले आणि रोग 1904 पर्यंत रेंगाळला. 1906 च्या भूकंपानंतर, 1907 साली तो पुन्हा आला. या खेपेस बहुतेक रोगी गोरे होते. आता पिसवेचे गुपितही उघडे झालेले होते. डॉक्टर रुपर्ट ब्लू यांनी माणसांमागे न लागता उंदरांमागे मोहीम लावली. उंदीर आणून देणाऱ्याला पैसे मिळू लागले, तबेल्यांना आणि तळघरांना काँक्रीटची जमीन झाली, आणि नागरिकांची समिती स्वतः वर्गणी गोळा करू लागली. शहर तेच, रोग तोच. पण साथ सर्वांचीच आहे हे एकदा मान्य झाल्यावर सहकार्याला माणसे मिळाली. हे मान्य होण्यासाठी रोगाला गोऱ्यांच्या घरापर्यंत यावे लागले, हेही लिहून ठेवले पाहिजे.

पोर्तुगालचा दाखला ओझरता देतो, कारण आपलेच राज्य असले म्हणजे लोक ऐकतात असा एक सोपा समज असतो. 1899 साली ओपोर्तो शहरात डॉक्टर रिकार्दो जॉर्ज यांनी प्लेग ओळखला. सरकार त्यांचेच, भाषा एकच, धर्म एकच. लिस्बनहून हुकूम सुटला आणि शहराभोवती लष्करी वेढा पडला. व्यापार बुडाला, मजूर बेकार झाले आणि सगळा राग बिचाऱ्या डॉक्टरावर निघाला. त्यांना शहर सोडावे लागले. पोर्तुगालच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेला पुढे त्यांचेच नाव मिळाले, ही नंतरची गोष्ट.

उरले हार्बिन. 1910 च्या हिवाळ्यात मांचुरियात जो प्लेग आला तो फुप्फुसाचा. गाठीच्या प्लेगातून काही रोगी तरी उठत, या प्लेगातून जवळजवळ कोणी उठत नसे, आणि तो खोकल्यातून थेट पसरे. चिनी सरकारने वू ल्येन-ते नावाच्या एकतीस वर्षांच्या डॉक्टराला धाडले. जन्म पिनांगचा, शिक्षण केंब्रिजचे. उत्तरेकडची चिनी बोलीही त्याला धड येत नसे, म्हणजे तोही तेथे जवळजवळ परकाच. त्याने गॉज आणि कापसाची मुखपट्टी बांधण्याचा आग्रह धरला. मेनी नावाच्या वडीलधाऱ्या फ्रेंच डॉक्टराने ती झिडकारली, मुखपट्टीवाचून रोगी तपासले, आणि थोड्याच दिवसांत त्याचाच बळी गेला. दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावरचा माणूस मुखपट्टी शोधू लागला.

फूच्याट्येन ही तेथली चिनी वस्ती सुमारे चोवीस हजारांची. वू यांनी तिचे चार भाग केले. प्रत्येक भागातल्या माणसाला वेगळ्या रंगाचा बिल्ला दिला, आणि एका रंगाच्या माणसाला दुसऱ्या भागात जायला मनाई केली. भोवती हजाराहून अधिक सैनिक होते. रशियन रेल्वेकडून डबे मागून घेऊन संशयितांना त्यांत ठेवले. जमीन बर्फाने दगडासारखी झालेली, त्यामुळे पुरणे अशक्य, आणि दोन हजारांवर प्रेते उघड्यावर पडलेली. ती जाळावी तर चिनी धर्माला ते महापाप. वू यांनी काय केले? आधी गावातल्या पुढाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना प्रेतांची ती रांग नेऊन दाखविली, आणि मग पेकिंगला तार करून बादशहाची परवानगी मागितली. ती आल्यावरच, 31 जानेवारी 1911 रोजी, म्हणजे चिनी नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी, चिता पेटली. कोणी दगड उचलला नाही. तेव्हापासून मृत्यूचा आकडा उतरत गेला आणि 1 मार्चला शेवटचा रोगी नोंदला गेला. साऱ्या मांचुरियात त्या साथीने सुमारे साठ हजार माणसे नेली.

हार्बिनलाही बंदुका होत्याच, हे नाकारण्यात अर्थ नाही. घर बंद होईल या भयाने लोक रात्री प्रेते रस्त्यावर टाकून देत. पण जो नियम करीत होता तोच प्रेतांत वावरत होता, त्याचे सहकारी मरत होते, धर्माला धक्का लावण्यापूर्वी रीतसर विचारणा झाली होती, आणि उपायाचा गुण महिन्याभरात डोळ्यांना दिसला. रँडच्या पुण्यात यांतले काय होते?

आता आपल्या खेड्यांकडे वळू, कारण या सगळ्या गोंधळात सर्वांत शहाणा उपाय खेड्यांनी केला, असे माझे मत आहे. उंदीर पडू लागले की गाव उठावयाचे. माळावर नाहीतर शेतात कुडाच्या झोपड्या पडायच्या, घरांना कुलपे लागायची, आणि कितीही अडचण झाली तरी रोग ओसरेपर्यंत कोणी वेशीच्या आत जायचे नाही. चोऱ्या व्हायच्या, अवकाळी पावसात हाल व्हायचे, तरी लोक गेले, कोणी बंदूक न रोखता. उंदीर आणि पिसवा मागे गावात, माणसे पुढे रानात! पिसवेचा शोध मान्य होण्याआधीच उपाय बरोबर सापडला होता. सरकारनेही पुढे गाव मोकळे करण्यालाच उत्तेजन दिले. पण त्यात एक गोष्ट सांभाळली जात होती, ती म्हणजे कुटुंब फुटत नव्हते. आजारी म्हातारीच्या तोंडात पाणी घालायला तिची सून जवळ होती.

1897 चा तो चार कलमांचा कायदा 2020 च्या मार्चमध्ये आपल्याकडे पुन्हा बाहेर आला, तो कोविडसाठी. त्या वर्षी निरनिराळ्या देशांनी निरनिराळ्या वाटा धरल्या. जपानने एप्रिलमध्ये आणीबाणी पुकारली, पण घराबाहेर पडणाऱ्याला दंड ठेवला नाही, आणि तरी टोकियोचे रस्ते ओस पडले. फ्रान्समध्ये घराबाहेर पडताना कारणाचा कागद खिशात लागे, नसेल तर 135 युरो दंड. स्वीडनने लहान मुलांच्या शाळा चालू ठेवल्या आणि बराचसा भार सल्ल्यावर टाकला. पुढे त्यांच्याच चौकशी आयोगाने म्हटले की सल्ल्याची वाट मूलतः बरोबर होती, पण सुरुवातीची पावले फार थोडी आणि फार उशिरा पडली. न्यूझीलंडने 2020 साली कडक बंदी पाळली आणि जगाची वाहवा मिळविली. त्याच देशात 2022 साली लशीच्या सक्तीवरून लोक पार्लमेंटासमोर तंबू ठोकून बसले. आपल्याकडे 24 मार्च 2020 च्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि बारा वाजता देश बंद. हातावर पोट असलेल्यांच्या दृष्टीने ते चार तास म्हणजे काहीच नव्हते. मुंबईहून नाशिककडे डोक्यावर बोचकी घेऊन चाललेली रांग आपण साऱ्यांनी पाहिली. 8 मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला, रेल्वेच्या रुळांवर दमून झोपलेल्या सोळा मजुरांना मालगाडीने चिरडले. ते जालन्याहून भुसावळच्या गाडीसाठी पायी निघाले होते. हुकूम मोडावा म्हणून काही ते घराबाहेर पडले नव्हते, त्यांना घरीच जावयाचे होते.

आणि तरीही, 1897 आणि 2020 यांत एक मोठा भेद आहे, तो शिक्षकबंधुभगिनींना मी सांगायला नको. या खेपेस खेड्यात बाहेरून आलेल्यांना चौदा दिवस ठेवले ते बहुतेक ठिकाणी तुमच्याच शाळेच्या खोलीत, गावातूनच डबा पोचवून. त्या वर्षीच्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली तेव्हा दारात सोजीर उभा नव्हता. हातात तापमापक घेतलेली गावचीच आशाताई उभी होती, आणि पुष्कळ ठिकाणी तिच्याशेजारी वही घेऊन गुरुजी किंवा बाई. घरातून कोणी हाक मारी, ‘या गुरुजी, बसा,’ आणि गुरुजी ओट्याखालीच उभे राहून विचारीत, घरात ताप कोणाला आहे का.